वीजसुरक्षेची दुरुस्ती मासेमारी बंदीच्या काळात व्हावी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कामाच्या ठिकाणच्या वीजसुरक्षेचे नियम राजपत्रात बदलतात, पण बर्फ कारखान्यापर्यंत ते पोहोचायला वर्षे लागतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा विनियम जून २०२३ मध्ये बाद होऊन नवे आले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली. आमच्या रत्नागिरीकडच्या लहान उद्योजकांशी बोलताना यातली एकही तारीख त्यांना ठाऊक नसल्याचे जाणवते. त्यांना दोष देता येणार नाही, कारण हे बदल सोप्या मराठीत त्यांना कोणी सांगितलेलेच नाहीत.

किनाऱ्यावर धोका अधिक आहे. बर्फ कारखान्यात मिठाच्या पाण्याची टाकी, कायम ओली फरशी आणि तीवर बरेचदा अनवाणी वावरणारे कामगार असतात. खाऱ्या हवेने अर्थिंगची पट्टी गंजते. वरून रंग दिलेली, धडधाकट दिसणारी पट्टी जमिनीत शिरते नेमकी तिथेच खाल्लेली सापडते. ‘एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) आहे ना’ म्हणून मालक निर्धास्त असतात, परंतु एमसीबी जादा भार आला किंवा शॉर्टसर्किट झाले तरच पडतो; माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा प्रवाह जीवघेणा असला तरी एमसीबी पडण्याइतका मोठा बहुधा नसतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअर गळतीवर पुरवठा तोडणारा आरसीसीबी लागतो, आणि त्याचे चाचणी बटण नियमित दाबून पाहावे लागते.

नव्या संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा १० कामगारांवरून २० वर गेली आहे. त्यामुळे काजूप्रक्रियेची अनेक छोटी युनिटे कारखान्याच्या व्याख्येबाहेर राहतील. विद्युत प्राधिकरणाचे विनियम मात्र कामगारांची संख्या पाहून लागू होत नाहीत, हे त्या मालकांना स्पष्ट सांगायला हवे.

माझी विनंती अशी की विद्युत निरीक्षक कार्यालय, महावितरण व जिल्हा उद्योग केंद्राने मिळून नव्या तरतुदींचे मराठी पत्रक काढावे आणि तपासणीचे वेळापत्रक मासेमारीच्या हंगामाशी जुळवावे. अर्थिंगचा रोध मे महिन्यात, जांभा कोरडा ठणठणीत असताना मोजावा, कारण पावसात माती भिजली की सदोष अर्थिंगचाही आकडा चांगला येतो. त्यात जे दोष सापडतील त्यांची दुरुस्ती जून-जुलैच्या मासेमारी बंदीत, बर्फाची मागणी घटलेली असताना, परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावी आणि ऑगस्टमध्ये नौका समुद्रात जाण्यापूर्वी तिचा अहवाल निरीक्षकांकडे पोहोचावा.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी