मंत्रिमहोदय, माझ्या आईचं मराठी तुमच्या यंत्राला कळत नाही

माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,

सादर नमस्कार.

जुलै २०२२ मध्ये गांधीनगरला ‘भाषिणी’चा, म्हणजे भारतीय भाषांत बोलणं ओळखणाऱ्या आणि भाषांतर करणाऱ्या सरकारी व्यवस्थेचा शुभारंभ झाला, तेव्हा भाषेची अडचण आता सरकार आणि नागरिक यांच्या मध्ये येणार नाही, असं आम्ही ऐकलं आणि त्यावर विश्वास ठेवला. तिच्यासाठी लोकांकडून भाषेचे नमुने घेणाऱ्या ‘भाषादान’ उपक्रमातल्या ‘बोलो इंडिया’त पडद्यावरची वाक्यं वाचून आमच्यापैकी काहींनी आपले आवाजही दिले. मी इंदूरच्या रामबागेत राहते. मराठीसाठी कुणी काही मागितलं तर आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. त्या दिलेल्या आवाजांचं पुढे काय झालं, हे आपल्याला विचारायचं आहे.

माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. बाबांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतनावर तिचं औषधपाणी चालतं. नोव्हेंबरात तिने रीतसर हयातीचा दाखला दिला, आणि तरीही जानेवारीपासून पेन्शन जमा होणं बंद झालं. चौकशीच्या नंबरावर पूर्वी माणूस असायचा. कधी खेकसायचा, पण ऐकून घ्यायचा. आता तिथे यंत्र आहे. ते आधी भाषा विचारतं, ‘मराठी’ म्हटलं की स्वच्छ मराठीत पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक मागतं. नंबर बारा आकड्यांचा. आई एका हातात भिंग धरते, दुसऱ्या हाताचं बोट पासबुकावर ठेवते आणि दोन-दोन आकडे वाचते. मध्ये श्वास घेते. तेवढ्यात यंत्र म्हणतं, “क्षमस्व, मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा.” ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. पुन्हा श्वास, पुन्हा क्षमस्व, मग फोन बंद. एकदा तक्रार सांगायची वेळ आली तेव्हा ती आपल्या नेहमीच्या बोलण्यात म्हणाली, “माझी पेन्शन येऊन नाही राहिली हो.” यंत्राने विचारलं, “आपल्याला येण्यासाठी वेळ निश्चित करायची आहे का?”

फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, “माझं मराठी इतकं वाईट आहे का गं?” मंत्रिमहोदय, तिचा जन्म याच शहरातला. ज्या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलन भरलं, तिथे तिने आयुष्यभर मराठी बोललं, मराठी वाचलं, मुलांना मराठीत वाढवलं. एका फोनने तिला आपल्याच भाषेची लाज वाटायला लावली. नंतर मी तोच नंबर बातम्या वाचतात तशा आवाजात, न थांबता वाचला, तर पहिल्या झटक्यात नोंदला गेला. ज्या घरात अशी बातम्या वाचणारी मुलगी नाही, त्यांनी काय करायचं?

माझा राग यंत्रावर नाही. मी या विषयावर जे मिळेल ते वाचलं, आणि वाचून राग जास्त वाढला, कारण तज्ज्ञांना हे सगळं ठाऊक आहे. बोलणारा थांबला की नाही हे ठरवणारा भाग या यंत्रात वेगळा असतो. ठरावीक वेळ शांतता राहिली की बोलणं संपलं असं तो धरतो. ती वेळ किती ठेवायची, हा आकडा कुणीतरी माणूसच भरतो. तो थोडा वाढवला असता तर आईचा श्वास त्यात मावला असता. साध्या फोन लाइनवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टाच पलीकडे पोचतो. ‘स’सारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा बराचसा भाग त्याच्या वर असतो, तो वाटेतच गळतो. ‘सहा’ आणि ‘सात’ दोन्ही ‘स’नेच सुरू होतात, त्यात ऐकवणारीच्या तोंडात कवळी. शिवाय वाचलेल्या वाक्यांवर शिकलेलं यंत्र वाचलेलीच वाक्यं नीट ओळखतं. अडखळत, आठवत, हिंदी-मराठी मिसळत बोलणाऱ्या माणसासमोर ते गडबडतं. आम्ही इंदूरचे लोक आकडे कधी मराठीत सांगतो, कधी हिंदीत, एकाच वाक्यात दोन्ही. हा आमचा दोष नाही. आम्ही असेच बोलतो, आणि सरकार आमचंही आहे.

अमेरिकेत २०२० साली पाच मोठ्या कंपन्यांची अशी यंत्रं तपासली गेली. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभरातले सरासरी १९ शब्द चुकत होते, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. भाषा एकच, इंग्रजी. हा अभ्यास जगभर गाजला. आपल्या खात्यात कुणी तो वाचला असेलच. मग मराठीचं यंत्र बसवताना पुण्याच्या मराठीत किती शब्द चुकतात, इंदूरच्या, ग्वाल्हेरच्या, बडोद्याच्या मराठीत किती, तिशीतल्या माणसाचे किती आणि ऐंशीच्या बाईचे किती, हे मोजलं का? मोजलं असेल तर छापा. नसेल तर ते पेन्शनवाल्यांच्या दारात कुणाच्या परवानगीने बसवलं? ‘अचूकता अमुक टक्के’ अशी एकच सरासरी दाखवून यंत्र विकलं जातं आणि विकत घेतलं जातं. त्या सरासरीत माझी आई कुठे दिसतच नाही.

काम करणारे लोक या देशात आहेत, हेही मला माहीत आहे. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत गटाने ‘इंडिकव्हॉइसेस’ या आवाजांच्या संग्रहासाठी २२ भाषांतलं ७,३४८ तासांचं बोलणं जमवलं, १४५ जिल्ह्यांतल्या १६,२३७ माणसांकडून, आणि त्यातला बहुतांश भाग वाचलेला नाही, मनाने बोललेला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘वाणी’ प्रकल्पात लोकांना चित्र दाखवून आपल्या शब्दांत बोलायला सांगतात आणि जिल्हावार आवाज गोळा करतात. हीच योग्य रीत आहे. इंदूरची मराठी महाराष्ट्राच्या नकाशात शोधून सापडणार नाही, ती इंदूर जिल्ह्यातच सापडेल. संशोधक इतकं समजून वागतात, मग सरकारी कार्यालयांच्या खरेदीत हे शहाणपण का उतरत नाही? मार्च २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या सरकारी इंडिया-एआय मिशनला दहा हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर झाली. त्यातून फोनवर एक माणूस बसवणं परवडत नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आणि आमचं तरी ठीक म्हणायचं. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात बारा लाखांवर मराठी भाषक होते आणि मराठी संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत आहे, म्हणून यंत्र निदान ‘मराठी निवडा’ तरी म्हणतं. झाबुआ-अलीराजपूरहून इंदूरला मजुरीला येणाऱ्या भिली बोलणाऱ्या माणसाला तेवढंही नाही. त्याच जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीहून जास्त होते, आणि त्या २२ भाषांच्या यादीत भिली नाही. पुढची जनगणना २०२१ ला व्हायची, ती वेळेवर झालीच नाही. माणसं मोजायची नाहीत, त्यांच्या भाषा यादीत घ्यायच्या नाहीत, आणि त्यांच्यापुढे यादीतलंच बोलणारं यंत्र ठेवायचं, हा कसला कारभार? संविधानाचं कलम ३५० सांगतं की आपल्या गाऱ्हाण्यासाठी केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पलीकडे ऐकणाराच नसेल तर तो हक्क बजावायचा कुणापुढे?

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक सरकारी फोन सेवेत सुरुवातीलाच ‘माणसाशी बोलायचं असल्यास शून्य दाबा’ असं सांगितलं जावं आणि शून्य दाबल्यावर खरोखर माणूस यावा. आकडे बोलायची सक्ती नसावी, बटणं दाबून देता यावेत. म्हाताऱ्या माणसांसाठी थांबायची वेळ वाढवावी; यासाठी नवं संशोधन लागत नाही, एक आकडा बदलावा लागतो. यंत्र विकत घेण्याच्या निविदेत अट असावी की जिल्हावार, वयवार, स्त्री-पुरुषवार किती शब्द चुकतात ते आधी मोजून जाहीर करायचं, आणि ते मोजमाप विकणाऱ्याने न करता दुसऱ्या कुणी करायचं. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा इथली मराठी आणि माळव्यातली भिली मुद्दाम ध्वनिमुद्रित करावी, त्यात सत्तरीपुढची माणसं घ्यावीत. आवाज द्यायला आम्ही आजही तयार आहोत, पण ते कुठे वापरले हे या वेळी आम्हाला कळलं पाहिजे.

पुढच्या नोव्हेंबरात हयातीचे दाखले पुन्हा सुरू होतील. त्याआधी निदान शून्याचं बटण सुरू व्हावं, आणि ते कोणत्या तारखेला होणार हे आपण जाहीर करावं.

आपली,
एका पेन्शनधारक आईची मुलगी
रामबाग, इंदूर