मधे बूस्टर का लावत नाही? नानांना पत्र

नाना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. ‘नाव नका टाकू मॅडम, शेठ इचारतीन’ असं तुम्हीच बजावलं होतं. पण अमळनेर-धुळे रस्त्यावर मे महिन्याच्या उन्हात निंबाखाली बसून तुटलेल्या इंटरनेट-केबलचे जॉइंट मारणारा माणूस म्हटलं, की निदान आमच्या कॉलेजात तरी सगळ्यांना कळतं.

त्या दिवशी रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली होती आणि अख्ख्या भागाचं नेट गेलेलं. मी स्कूटी थांबवली ती खरं तर भांडायला. म्हणजे ‘कधी येणार नेट?’ असं जरा चढ्या आवाजात विचारायला. तुम्ही वर न बघता म्हणालात, ‘बसा. सावलीत बसा आधी.’ मग तासभर मी तिथेच बसले.

अकरा वर्षं मुलांना पूर्ण आंतरिक परावर्तन, म्हणजे काचेतला उजेड कडेला आपटून परत आतच कसा वळतो ते, शिकवतेय. फळ्यावर काचेचा तंतू काढते, त्यात नागमोडी बाण काढते. प्रत्यक्षात तो तंतू बोटांत धरला तो तुमच्याकडे. निळं आवरण तुम्ही चिमट्याने ओढून काढलं, स्पिरिटच्या कापडाने दोनदा पुसलं, कटरवर ठेवलं, ‘टिक’. उडालेला तुकडा लगेच छोट्या बाटलीत. ‘हा पायात गेला ना, तर सापडत नाही.’ काच जोडायच्या मशीनच्या पडद्यावर दोन टोकं दोन खांबांसारखी समोरासमोर आली. एकावर धुळीचा कण होता. तुम्ही परत काढलं, परत पुसलं, परत कापलं. मग ठिणगी. पडद्यावर जोडातली घट, 0.02 डीबी. ‘जमनं.’

बाहेरून 125 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीची ती काच आणि त्यातला उजेड ज्यातून जातो तो गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. ते दोन गाभे समोरासमोर आणायचे, तेही पंचेचाळीस डिग्रीत, घाम पुसत. माझ्या पुस्तकात याला एक ओळ आहे.

मग तुम्ही हिशोब सांगितलात: चांगल्या केबलला पाच किलोमीटरला एक डीबी (उजेड किती घटला, ते मोजायचं माप). म्हणजे पन्नास किलोमीटरला दहा डीबी, उजेडाचा दहावा हिस्सा उरला. शंभर किलोमीटरला शंभरावा. धुळ्याहून निघालेला उजेड जळगावला पोचेपर्यंत जवळपास एवढाच. माझ्या टाचणांत हेच 0.2 डीबी प्रति किलोमीटर, 1550 नॅनोमीटर लांबीच्या लहरींसाठी, असं पाठ करून लिहिलेलं होतं. ते असं रस्ता मोजल्यासारखं कधी डोक्यात गेलंच नव्हतं.

विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही उरलेल्या फायबरचं एक भेंडोळं आणि लाल लाइटचा पेन दिलात. भाडं विचारलं तर हसलात. पोरांनी क्वांटम संदेशाचं मॉडेल केलं: जुन्या गॉगलच्या काचा, बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरवरची फिल्म. ही फिल्म एकाच दिशेने डोलणारा उजेड सोडते. दोन फिल्म आडव्या-उभ्या ठेवल्या की अंधार. मधे तिसरी तिरपी सरकवली की उजेड परत येतो. प्रकाशाला ‘तू तिरपा आहेस का?’ असं विचारलं, की तो आधीचं उत्तर विसरतो. यावरच बेनेट आणि ब्रासार्ड या शास्त्रज्ञांनी 1984 साली गुप्त किल्ली, म्हणजे संदेश कुलूपबंद करायचा सांकेतिक आकडा, पाठवायची युक्ती बसवली, आणि ती मांडली आपल्या बंगळुरूच्या एका परिषदेत. एकेक फोटॉन, म्हणजे उजेडाचा एकेक दाणा, आडवा, उभा किंवा तिरपा करून पाठवायचा. मधल्या चोरट्याने प्रत्येक फोटॉन मोजून पुढे ढकलला, तर पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या ज्या खुणा जुळायला हव्यात, त्यांत चारात एक चूक निघते. चोरी कळते, ती किल्ली फेकून द्यायची.

आमचं मॉडेल मात्र नकली होतं, हे कबूल करते. तुमच्या त्या पेनात एक मिलिवॉट उजेड धरला, तर सेकंदाला तीनावर पंधरा शून्यं इतके फोटॉन. त्यातले कितीही चोरले तरी कोणाला पत्ता लागायचा नाही.

प्रदर्शनाला तुम्ही कामावरून तसेच आलात, हाताला केबलमधली चिकट जेली. सगळं बघितलंत आणि विचारलंत, ‘एकेकच दाणा पाठवता, शंभरात एक पोचतो. मग मधे बूस्टर का नाही लावत?’ परीक्षकांनी असलं काही विचारलं नव्हतं. मी ‘ते चालत नाही’ म्हणून वेळ मारून नेली. तेव्हापासून ते मनात खुपतंय.

तर नाना, उत्तर असं. बूस्टर म्हणजे एकाचे अनेक करणं, म्हणजे प्रत काढणं. समजा एखादं यंत्र आडव्या फोटॉनच्या दोन आडव्या प्रती काढतं, उभ्याच्या दोन उभ्या. तिरपा फोटॉन म्हणजे आडव्या-उभ्याचं मिश्रण. तो त्या यंत्रात घातला तर दोन तिरपे निघत नाहीत. ‘दोन्ही आडवे’ आणि ‘दोन्ही उभे’ यांची गुंतलेली जोडी (एकाची खूण दुसऱ्याच्या खुणेशी बांधलेली) निघते, मूळ खूण गेली. वुटर्स आणि झुरेक या शास्त्रज्ञांनी, आणि वेगळ्याने डीक्स यांनी, 1982 मध्ये हे सिद्ध केलं. म्हणजे ज्या कारणाने चोरट्याला प्रत काढता येत नाही, त्याच कारणाने तुम्हाला बूस्टर लावता येत नाही. कुलूपही तेच, अडचणही तीच.

किल्ली पाठवायचा पहिला प्रयोग 1989 साली झाला तो टेबलावर, हवेतून, सुमारे 30 सेंटीमीटर. बूस्टरशिवाय लांब पोचायचं म्हणून चीनने 2016 मध्ये उपग्रहच सोडला, कारण वरच्या विरळ हवेत उजेड असा किलोमीटरगणिक झिजत नाही. आपल्याकडे फेब्रुवारी 2022 मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने प्रयागराज ते विंध्याचल शंभराहून अधिक किलोमीटर किल्ली पाठवली, तीही आधीच टाकलेल्या फायबरवरून. बातमीत शास्त्रज्ञांचा उल्लेख होता. मला मात्र वाटलं, त्या वाटेतले जॉइंटही कोणीतरी असंच रस्त्याकडेला बसून, पुसून, परत पुसून मारले असणार. तिथे एक जॉइंट ढिला पडला की आमचे मोजकेच दाणे आणखी कमी.

तुमचा प्रश्न आता मी दरवर्षी बारावीच्या वर्गात विचारते, ‘नानांचा प्रश्न’ म्हणूनच. मागच्या बाकावरची एक मुलगी यंदा म्हणाली, ‘मॅडम, मग गुंतलेली जोडीच अर्ध्या वाटेवरून दोन्हीकडे पाठवली तर?’ त्यावर जगभर काम चाललंय, असं तिला सांगितलं. तिचे वडील केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत.

तुमचा लाल पेन अजून माझ्याच कपाटात आहे, माफ करा. सेल संपलेत, नवे घालून ठेवते. रविवारी या न्यायला. वरण-बट्टी करते.

तुमची,
सायन्सवाल्या मॅडम