हात दाखवून अवलक्षण

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पुरवणीतला जुन्या गाड्यांवरचा लेख वाचला, फोटो एक नंबर, पण ‘व्हिंटेज गाडीला इंडिकेटर लावले की तिची वाट लागते’ हे काही पटलं नाही बुवा. खिडकीतून हात काढून साइड दाखवायची तेव्हा मागच्याला त्याचा अर्थ कळायचा, आता हात बाहेर आला की मागच्याला वाटतं हा मला पुढे जा म्हणतोय आणि तो नेमका त्याच बाजूने घुसतो. रात्री तर हात दिसतच नाही.

आणि इंडिकेटर काही कालपरवाचं फॅड नाही, ब्युइकने १९३९ च्या मॉडेललाच लुकलुकणारे दिले होते. युरोपातल्या कित्येक गाड्यांना दाराच्या खांबातून बाहेर येऊन वळायची बाजू दाखवणारा छोटा हात, म्हणजे ट्रॅफिकेटर, असायचा, दिसायला फार गोड, तो असेल तर जरूर चालू ठेवा, पण आज त्याच्याकडे बघतंय कोण!

वाट लागते ती घाईत लावल्यामुळे. आधी बॅटरी बघा, बऱ्याच जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या, त्यात २१ वॅटचा एक बल्ब साडेतीन अँपिअर खेचतो, म्हणजे १२ व्होल्टच्या दुप्पट, मग बारीक वायर टाकून कसं चालेल? इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर आतली पट्टी करंटने तापली की चालू-बंद होतो, त्यामुळे एलईडी लावले की पट्टी धड तापतच नाही आणि मग लोक म्हणतात फ्लॅशर खराब. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या, पण कित्येक ब्रिटिश गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थिंग असतं, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, ते न बघता उलटा जोडला तर गेला कामातून. अर्थिंगसाठी गंजक्या मडगार्डवर तर अजिबात विसंबू नका, वेगळी वायर थेट चासीला न्या, नाहीतर दिवा नुसता मिणमिणतो.

काहीजण मागच्या ब्रेक लाइटलाच इंडिकेटर करतात. चालतं, पण ब्रेकची वायर इंडिकेटरच्या स्विचमधून फिरवून घ्यावी लागते, नाहीतर ब्रेक दाबला की लुकलुकणं गायब. माझं मत विचाराल तर पिवळे वेगळे दिवे बरे, लाल उजेडात लाल काय कळणार.

आता ‘मूळ रूप’ म्हणाल तर बॉडीला एकही भोक पाडायची गरज नाही. दिवे ब्रॅकेटवर घेऊन बंपरच्या असलेल्याच बोल्टला कसा, स्विच स्टिअरिंगच्या दांड्याला क्लॅम्पने, जुनं वायरिंग न कापता वेगळी लाइन टाका आणि तिला फ्यूज द्या. प्रदर्शनात न्यायची असेल तेव्हा पाना घेऊन सगळं उतरवा, कोणाला पत्ताही लागणार नाही.

फक्त असा क्लॅम्पचा स्विच वळण संपल्यावर बहुतेक वेळा आपोआप मागे येत नाही, त्यामुळे डॅशबोर्डखाली एक छोटा बझर लावाच, जुन्या इंजिनाच्या आवाजात फ्लॅशरची टिकटिक ऐकू येत नाही.

आपला,
एक वाचक