कोबा बिघडतो तो पाण्यामुळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातली कामे स्वतः करण्याची हौस वाढते आहे, याचा आम्हाला आनंदच आहे. पण फरशीखालच्या कोब्याबद्दल, म्हणजे सिमेंट-वाळूच्या ठोकून बसवलेल्या थराबद्दल, जी माहिती हातोहात फिरते, तिच्यात बहुधा ‘सिमेंट-वाळू कालवा, ओता, पट्टीने सारखे करा’ एवढेच असते. भिंतीचा रंग बिघडला तर दुसरा हात देता येतो. कोबा बिघडला तर छिन्नी-हातोडा घेऊन तो फोडावा लागतो, आणि वर लावलेली फरशीही त्याच्याबरोबर जाते. म्हणून हे पत्र.

कोब्याचा माल ओतायचा नसतो, तो थापायचा असतो. मूठभर माल घेऊन घट्ट आवळावा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि तळव्याला नुसती ओल लागली, तर पाणी बरोबर आहे. बोटांतून पाणी गळले तर जास्त, गोळा लगेच ढासळला तर कमी. पातळ माल पसरायला सोपा जातो, म्हणून नवखा माणूस पाणी वाढवतो. पण सिमेंटला न लागणारे ते पाणी पुढे उडून जाते, मागे बारीक पोकळ्या राहतात आणि कोबा आकसून तडकतो. शिवाय सिमेंटचा बारीक अंश पाण्याबरोबर वर येतो. वाळल्यावर हात फिरवला की पांढरी भुकटी निघते ती त्याचीच, आणि तिच्यावर फरशीचा गोंद धरत नाही.

‘गोणीमागे इतके लिटर’ हा आकडा एकट्याने उपयोगाचा नाही. 50 किलोच्या गोणीला साधारण 20 लिटर पाणी धरले तरी त्यात वाळूतली ओल मोजायची असते. गोणीला 200 किलो वाळू लागते. तिच्यात 5 टक्के ओल असेल, तर 10 लिटर पाणी आधीच मालात आलेले असते. म्हणून शेवटचे पाणी झारीने, थोडे थोडे, मुठीने तपासत घालावे.

प्रमाण एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. वाळू जाडसर, स्वच्छ हवी. गिलाव्याची बारीक वाळू पाणी जास्त मागते. 3 मीटर बाय 4 मीटरच्या खोलीत 40 मिमी जाडीचा कोबा म्हणजे 0.48 घनमीटर ठोकलेला माल. त्याला सुमारे 180 किलो सिमेंट, म्हणजे चार गोण्या, आणि अर्धा घनमीटर वाळू लागते. मोजायला ठरावीक मापाचा डबा किंवा बादली घ्यावी, फावड्यांचा अंदाज नको. एक बारकावा असा, की ओलसर वाळू फुगते, कधी कधी पाव हिश्श्याहून जास्त. तशी वाळू डब्याने मोजली तर ती प्रत्यक्षात कमी भरते, माल जास्त सिमेंटचा होतो आणि नेमका तोच आकसून फाटतो. सिमेंट जास्त घातले की काम पक्के होते, हा समज कोब्यात तरी सोडून द्यावा. सिमेंट-वाळू आधी कोरडीच तीन वेळा उलटीपालटी करावी, रंग एकसारखा झाल्यावरच पाणी. एका वेळी तासाभरात संपेल एवढाच माल करावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा मऊ करू नये.

जाडी खाली काय आहे त्यावर ठरते. स्लॅबला चिकटलेला कोबा 25 ते 40 मिमी. मध्ये प्लॅस्टिकचा कागद असेल तर किमान 50, आणि थर्मोकोलसारख्या मऊ थरावर किमान 65. चिकटणारा कोबा फार जाड केला तर आकसण्याचा जोर वाढून तो खालून सुटतो. 50 मिमीच्या वर गेल्यास वाळूचा काही भाग कमी करून 10 मिमीपर्यंतची कच (बारीक खडी) मिसळावी. पाइप कोब्यात जात असेल, तर त्याच्यावर निदान 25 मिमी माल हवा, नाहीतर पाइपच्या रेषेतच तडा उमटतो. वजनाचा विचारही आधीच करावा. 40 मिमीचा कोबा दर चौरस मीटरला सुमारे 80 किलो भार टाकतो, 75 मिमीचा 150. वरच्या मजल्यावर आणि जुन्या स्लॅबवर हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नये.

चिकटणाऱ्या कोब्यासाठी जुन्या काँक्रीटला टाचे (छिन्नीने बारीक खाचा) मारावेत, सुटे आणि तेलकट सारे काढावे, झाडून धूळ उचलावी. आदल्या रात्री पाणी मारावे; सकाळी पृष्ठभाग ओलसर हवा, डबकी नकोत. मग सिमेंटचा घोळ (पाण्यात कालवलेले पातळ सिमेंट), शक्यतो एसबीआर लेटेक्स हे पकड वाढवणारे रबरी द्रव घालून, ब्रशने घासून लावावा आणि तो ओला असतानाच माल टाकावा. इथे पुष्कळजण चुकतात. साऱ्या खोलीला एकदम घोळ फासला, की पलीकडच्या कोपऱ्यात पोहोचेपर्यंत तो वाळतो, आणि वाळलेला घोळ चिकटवण्याऐवजी दोन थर वेगळे करतो. पुढच्या दहा मिनिटांत झाकता येईल तेवढ्याच जागेला तो लावावा.

लेव्हल पाण्याच्या नळीने काढावी. नळीत एकही बुडबुडा राहू देऊ नये, तो राहिला तर माप फसते. भिंतींवर जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर त्या लेव्हलची रेघ मारून तिच्यापासून खाली मोजत जावे. त्या मापाने मालाचेच हातभर रुंदीचे पट्टे दीड-दीड मीटरवर ओढावेत, म्हणजे दोन मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दोन्हींवर टेकते. मधला भाग थोडा चढा भरून ठोकावा आणि पट्टी करवतीसारखी डावी-उजवी हलवत मागे खेचावी. दरवाजाच्या समोरच्या भिंतीपासून सुरू करून दरवाजाशी संपवावे. न्हाणीघरात ढाळ मीटरला 10 ते 12 मिमी.

ठोकण्यात कंटाळा करू नये. कमी पाण्याचा माल नुसता पसरला तर वरून गुळगुळीत दिसतो, आतून सुटी वाळू राहते. धुम्मस (ठोकण्याचे जड अवजार) किंवा जड पाटीने तो खाली बसेपर्यंत ठोकावा. 50 मिमीपेक्षा जाड असेल तर दोन थरांत, आणि खालचा ताजा असतानाच वरचा. वर फरशी लावायची असेल तर लाकडी रंध्याचा (गवंड्याच्या सपाट लाकडी थापीचा) खरखरीत हात पुरतो. वर आलेले पाणी टिपायला कोरडे सिमेंट भुरभुरवू नये. त्याची पातळ पापडी होते आणि तिला जाळीसारख्या भेगा पडतात.

आता वाट पाहणे. कोबा संपल्याबरोबर, पृष्ठभागाला धक्का लागणार नाही अशा बेताने, प्लॅस्टिकने झाकावा आणि सात दिवस झाकलेलाच ठेवावा. पंखा, हीटर, उघड्या खिडक्या नकोत. वरचा भाग आधी वाळला की तो आकसतो आणि कडा वर उचलल्या जातात. मग भिंतीलगत ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. झाकण काढल्यावर वाळण्याचा हिशेब दिवसाला साधारण 1 मिमी, म्हणजे 40 मिमीला 40 दिवस, आणि 50 मिमीच्या पुढच्या जाडीला त्याहून सावकाश. लाकडी किंवा व्हिनाइल फ्लोअरिंगखाली याला पर्याय नाही. घरगुती तपासणी म्हणून 45 सेंमीचा प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवावा. खाली दव जमले किंवा कोबा काळसर झाला तर अजून थांबायचे. खाली दव नाही, एवढ्यावरून मात्र लाकूड लावू नये; त्याआधी आर्द्रतामापकाने पाहावे, सापेक्ष आर्द्रतेचे वाचन 75 टक्क्यांच्या खाली हवे.

म्हणून आपल्या पुरवणीत ‘सुट्टीच्या दोन दिवसांत करता येणारी कामे’ छापताना कोबा त्या यादीत घेऊ नये, किंवा घेतलाच तर हे दिवस सोबत छापावेत, ही विनंती.

आणखी एक, आणि ते मोठ्या अक्षरांत यावे. ओले सिमेंट तीव्र अल्कली असते. मालात गुडघे टेकून काम करताना पँट भिजते, त्वचा जळत असते आणि काही तास कळतही नाही. रबरी हातमोजे, गमबूट, पाणी न शिरणारे गुडघ्यांचे पॅड आणि सिमेंट मिसळताना मास्क व चष्मा हवाच. कपडा भिजला तर काम तिथेच थांबवून तो काढावा आणि त्वचा भरपूर साध्या पाण्याने धुवावी. डोळ्यात गेले तर निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरावा आणि तडक डॉक्टरांकडे जावे.

आपले,
बांधकामाच्या कामातले दोन वाचक