सूचना : एमईए (हवाईमार्गावरील किमान उंची) आणि एमओसीए (अडथळ्यांपासून सुरक्षित किमान उंची) यांतील फरकाबाबत

अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याच्या पात्रतेची) तयारी करणाऱ्या सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, नकाशावरील किमान उंचीचे आकडे केवळ डोंगर आणि मनोरे यांच्या संदर्भात वाचू नयेत.

व्हीओआरवर (जमिनीवरील दिशादर्शक रेडिओ केंद्रांवर) आधारलेल्या हवाईमार्गावर एमईए पाळल्यास अडथळ्यांपासूनचे सुरक्षित अंतर मिळते आणि, नकाशावर संदेशातील खंड दाखवलेला नसल्यास, दिशादर्शक संदेशही संपूर्ण टप्प्यात मिळतो. ताऱ्याचे चिन्ह असलेली एमओसीएची उंचीही त्या टप्प्यात अडथळ्यांपासून तेवढेच संरक्षण देते, म्हणजे सपाट प्रदेशात साधारण १००० फूट आणि डोंगराळ प्रदेशात २०००. मात्र संदेशाची खात्री व्हीओआर केंद्रापासून २२ नॉटिकल मैलांपर्यंतच असते. व्हीओआरच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्यामुळे, खाली उतरलेल्या विमानाला दूरच्या केंद्राचा संदेश भूभागाआड गेल्याने मिळेनासा होतो. ओरोकाच्या (हवाईमार्गाबाहेरील क्षेत्रासाठी नकाशावर दिलेल्या अडथळा-सुरक्षित उंचीच्या) आकड्यावर तर संदेशाची अजिबात हमी नसते, आणि हे आमच्या मते सर्वाधिक दुर्लक्षिले जाते.

१ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचे ५१४ क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येताना १८०० फुटांवर उतरू लागले आणि व्हर्जिनियातील माउंट वेदरला धडकून विमानातील सर्व ९२ जण मृत्युमुखी पडले. तेथे प्रश्न संदेशाचा नव्हता, तर कोणत्या टप्प्यात कोणती उंची लागू होते याविषयीच्या गैरसमजाचा होता.

म्हणून विमानावर बर्फ साचू लागल्यामुळे एमईएखाली उतरण्याची परवानगी मागण्यापूर्वी, केंद्रापासूनचे अंतर आणि व्हीओआरऐवजी वापरायचा विमानातील जीपीएस इन्स्ट्रुमेंट उड्डाणासाठी प्रमाणित आहे की नाही, हे प्रत्येकाने आधी तपासावे.