मेंबरशिप घ्यायचीच असेल तर काकांची घ्या

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

ताराबाई पार्कातल्या हॉटेलात रिसॉर्ट कंपनीचा टाइमशेअर मेंबरशिप विकायचा कार्यक्रम झाला, म्हणजे पैसे भरायचे आणि दरवर्षी ठरलेले दिवस रिसॉर्टमध्ये राहायचं; आज सही केली तर सवलत आणि उद्या नाही, असं बाबा फोनवर म्हणाले. सही न करता तुम्ही घरी आलात, फार बरं केलंत.

तुम्हाला फिरावंसं वाटतंय याचा मला मनापासून आनंद आहे. दुकान बंद केल्यापासून हरिप्रिया एक्सप्रेसने तिरुपती, एवढाच तुमचा प्रवास. आईचं कूर्ग किती वर्षं राहून गेलंय! पण कंपनीची नवी मेंबरशिप 25 वर्षांची आहे आणि बाबा, तुम्ही 68 चे. शिवाय पैसे एकदा भरून सुटका नाही. रिसॉर्टला जा अथवा जाऊ नका, वार्षिक मेन्टेनन्स भरावाच लागतो आणि तो वाढत जातो. वर्षाला 20,000 रुपये आणि दरसाल 5 टक्के वाढ धरून मी हिशेब केला, तर 25 वर्षांत साडेनऊ लाखांच्या वर जातात. मूळ किंमत वेगळीच. मध्येच विकायची म्हटली तर त्या किमतीच्या जवळपासही कोणी देत नाही. ना सातबारा, ना प्रॉपर्टी कार्ड. आपल्याकडच्या बहुतेक योजनांत मिळतो तो फक्त ठरावीक वर्षं राहायचा हक्क.

म्हणून शेजारचे काका देतायत ती मेंबरशिप मला जास्त पटते. तिची 9 वर्षं उरलीयत, म्हणजे त्याच हिशेबाने मेन्टेनन्स 2 लाख 20 हजारांच्या आसपास, आणि काका मागतायत ती रक्कम कंपनीच्या मानाने फारच कमी. तुम्हाला हिंडाफिरायला जेवढी वर्षं हवीत, तेवढ्यांचेच पैसे जातील.

फक्त काकांनी सही केली म्हणजे ती आपली झाली, असं होत नाही. कंपनीने बाबांच्या नावाने नोंद करून तसं पत्र दिलं पाहिजे, आणि ते हातात पडेपर्यंत काकांना पूर्ण पैसे देऊ नका. त्यांना वाईट वाटेल म्हणून संकोच करू नका, मी स्वतः त्यांच्याशी बोलते. ट्रान्सफर फी कोण भरणार, मेन्टेनन्सची थकबाकी आहे का, पुढच्या वर्षाचे दिवस त्यांनी आधीच वापरलेत का, हे विचारायचं. आरसीआयसारख्या संस्थेमार्फत दुसऱ्या रिसॉर्टशी अदलाबदल करायची सोय जुन्या मेंबरशिपबरोबर आपोआप येतेच असं नाही, तेही कंपनीकडून लेखी घ्यायचं.

कंपनीकडून थेट घेण्यात एक आधार असतो, करार रद्द करायची मुदत. युरोपात ती कायद्यानेच 14 दिवस आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारात लिहिली असेल तेवढीच. काकांबरोबरच्या व्यवहारात तीही नाही, म्हणून कागद आधीच नीट बघायचे. पुढे रिसॉर्टच्या सेवेत कंपनीने शब्द फिरवला, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो तिथेच, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. त्यासाठी मुंबईला हेलपाटे नकोत.

नातवंडांना मे महिन्यात नेता येईल, हे ऐकून आई विरघळली असणार. पण मे आणि दिवाळी हा सगळ्यात महाग सीझन. काकांची मेंबरशिप त्याखालच्या सीझनची आहे, म्हणजे मे-दिवाळीत ती चालणार नाही, पण तुम्हा दोघांना ती पुरेशी आहे, शाळेच्या सुट्टीशी तुम्ही बांधलेले नाही. मुलांबरोबर जायचं तेव्हा आपण सरळ हॉटेल घेऊ, भाडं मी भरीन.

काकांकडून मूळ करार आणि यंदाची मेन्टेनन्सची पावती मागून घ्या आणि प्रत्येक पानाचा फोटो मला पाठवा, मागची बारीक अक्षरंसुद्धा. वाचून रविवारी फोन करते. तोवर कंपनीचा फोन आला तर मुलगी कागद वाचतेय, एवढंच सांगा. टोकन म्हणूनही काही भरू नका.

तुमची,
सई