पावसाच्या वहीसारखीच एक वही

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई,
सा. न. वि. वि.

फोनवर काही धड बोलणं होत नाही, म्हणून लिहितेय. आई शेजारी असली की बाबा नुसतं 'हं' म्हणतात, आणि आईच्या हातात फोन गेला की ती रडायलाच लागते.

बाबा, परवा तुम्ही टोकन धरून बाहेर बाकावर बसला होतात, तेव्हा मी आत डॉक्टरांना दोन गोष्टींसाठी हो म्हणून आले. एक, औषध आत्ता सुरू करायचं नाही. दुसरी, ते या आजाराच्या रुग्णांच्या नोंदी ठेवताहेत, त्यात तुमचंही नाव घालायचं. तुम्हाला आत बोलवायला हवं होतं. नाही बोलावलं, आणि तेव्हापासून मन खातंय. सही तुमचीच लागणार आहे, तेव्हा दुसऱ्या गोष्टीला तुम्ही अजून नाही म्हणू शकता. पण आधी माझं ऐकून घ्या.

आई, तू म्हणालीस, 'ल्युकेमिया आहे आणि औषध नाही, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.' तसं नाही गं. मोतीबिंदूच्या आधी रक्त तपासलं म्हणून हे कळलं तरी. पांढऱ्या पेशी ३८,०००. जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिकचे दोन कोर्स उगाच झाले, आणि तीन महिन्यांनी पाहिलं तर ४१,०००. मग दंडातल्या रक्ताचीच फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखायची तपासणी, केली आणि नाव कळलं: क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग. हाडात सुई घालावी लागली नाही. हिमोग्लोबिन १३.१, प्लेटलेट दोन लाखांच्या वर, गाठी नाहीत, प्लीहा वाढलेली नाही. जोधपूरला जन्मलेल्या डॉ. कांती राय यांनी १९७५ साली अमेरिकेत १२५ रुग्णांच्या नोंदी तपासून या आजाराच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. बाबा शून्यावर आहेत. गुणसूत्रांतही तेराव्याचा एक तुकडा तेवढा गळालाय, आणि तो सगळ्यांत सौम्य प्रकार.

शून्यावर असताना औषध दिलं म्हणून आयुष्य वाढत नाही. फ्रान्समध्ये दीड हजारावर रुग्णांना घेऊन हे पडताळलं, ते १९९८ मध्ये छापून आलं. तिघांतल्या एकाला तर औषध कधी लागतच नाही. लागलंच तर आता गोळ्या आहेत. कधी सुरू करायचं तेही ठरलेलं आहे: सहा महिन्यांच्या आत पेशी दुप्पट झाल्या, वजन दहा टक्क्यांनी उतरलं, महिनाभर रात्री घामानं अंथरूण भिजायला लागलं, हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं, तर. तोवर दर तीन महिन्यांनी तपासणी. मुंबईच्या काकांना मी हे सगळं काल सांगितलं. ते रागावलेत, त्यांचं मी बघते.

आता ती नोंद. बाबा, त्यात तुमच्यावर काहीही करून बघणार नाहीत. गोळी नाही, सुई नाही, नेहमीच्या तपासणीचेच आकडे. पेशी किती, वजन किती, मध्ये ताप आला का, औषध लागलं तर कधी. आपल्याकडे हा आजार अमेरिका-युरोपपेक्षा कमी, आणि होतो तो लवकर. तिकडे सत्तरीच्या आसपास सापडतो, आपल्या रुग्णालयांच्या नोंदींत साठीच्या आसपास. मग आपल्या माणसांचं पुढे काय होतं, हे आपल्याच माणसांच्या नोंदींतून कळणार ना? तुम्ही इतकी वर्षं पाऊस मोजताय. एका वर्षाचा आकडा पाहून कधी काही बोलला नाहीत. दहा वर्षांची पानं उलटायचात आणि मगच 'यंदा पाऊस मागे सरकलाय' म्हणायचात. मी पाचवीत असेन. सकाळी साडेआठला छत्री माझ्या डोक्यावर, स्वतः भिजत, तुम्ही काचेचं मोजपात्र माझ्या हातात द्यायचात. मी वरून बघून आकडा सांगितला की म्हणायचात, 'खाली वाक, डोळ्याच्या रेषेत धर.' डॉक्टर नोंदींबद्दल बोलत होते तेव्हा मला तुमचा तो भिजलेला सदराच दिसत होता. म्हणून हो म्हटलं.

आई, गुळवेलीचा काढा आजपासून बंद. त्यानं यकृत बिघडल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनीच छापल्यात. तू जिवाच्या आकांतानं करतेस, मला माहीत आहे, पण बंद. बाबांनी चिखलात अनवाणी उतरायचं नाही, गमबूट घालायचे. फ्लू आणि न्यूमोनियाची लस तुम्ही चार दिवस इथे पुण्याला आलात की घेऊ. तिकडे कोणी दुसरी कुठली लस सुचवली तर आधी मला विचारा, जिवंत जंतूंची लस त्यांना चालत नाही. ताप १००.४ झाला तर त्याच दिवशी मला फोन. 'उद्या बघू' नको. शेजारचं नातवंड शिंकत असेल तर दोन दिवस मांडीवर घेऊ नका, वाईट वाटलं तरी.

इथली काळजी करू नका. पलंग खिडकीशी लावलाय, संडासात धरायला दांडी बसवलीय, आणि उकडा तांदूळ आणून ठेवलाय, म्हणजे सकाळची पेज चुकायची नाही. आईला घाट लागतो, म्हणून गाडी सांगितलीय, एसटी नको. आई, तू पुढे बस, आवळासुपारी जवळ ठेव.

बाबा, तुमची अडचण मला ठाऊक आहे, बोलला नाहीत तरी. चार दिवस देवरुखात पाऊस कोण मोजणार? शेजारच्या वरच्या आळीतल्या सातवीतल्या मुलाला उद्याच बोलवा. साडेआठची वेळ सांगा, वही दाखवा, आणि मोजपात्र डोळ्याच्या रेषेत धरायला शिकवा.

तुमची,
बाळी